सर्वांत स्थिर रुग्ण

माणूस काळानुसार बदलतो, हे कोणीही सांगेल. मात्र तो नेमका किती बदलला हे शास्त्रीय पद्धतीने ठरवायचे, तर त्याने ठरल्या तारखेला हजर राहावे लागते.

माझे बाबा वक्तशीर होते. हृदयाच्या एका नव्या औषधाच्या अभ्यासासाठी त्यांना दर तीन महिन्यांनी बोलावत आणि सहा मिनिटांत ते किती मीटर चालतात, हे मोजत. पहिल्या खेपेला दोनशे ऐंशी, मग दोनशे नव्वद, मग तीनशे दहा. (तिसऱ्या खेपेला परिचारिका नवी होती. तिच्यासमोर काठी घ्यायला बाबांनी साफ नकार दिला.) त्यानंतर पाच आठवड्यांनी ते वारले.

अभ्यासात त्यामुळे कोणताही व्यत्यय आला नाही. चौथ्या खेपेला बाबा तीनशे दहा मीटर चालले. पाचव्या खेपेलाही, सहाव्यालाही. मग त्यांच्या नावे अभिनंदनाचे पत्र आले: ‘आपण आमचे सर्वांत स्थिर रुग्ण आहात.’

मी मृत्यूचा दाखला घेऊन त्या कार्यालयात गेले. आकडेवारी पाहणारा माणूस भला होता. त्याने मला स्वतःची खुर्ची दिली आणि आपण स्टुलावर बसला.

“बाबा गेलेत. तेवढं नोंदवा,” मी म्हटले.

“नोंदवलं असतं हो ताई, पण तसा रकानाच नाही.” त्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. गैरहजेरीची मान्य कारणे चार होती: गाव सोडले, वाहन मिळाले नाही, कंटाळा आला, इतर.

“मग ‘इतर’ करा.”

“काहीही करा, जागा रिकामी दिसली की प्रोग्राम शेवटचा आकडा पुढे ओढतो. नियमच आहे तसा.”

“असे वारलेले किती आहेत?”

“चाळिसात अकरा.” तो जरा ओशाळला. “पण आकडे बघा त्यांचे! एकाचाही इकडचा तिकडे नाही.”

मी हटून बसले. अखेर त्याने अकरा जणांपुढे, ज्याच्या-त्याच्या मृत्यूनंतर, शून्य टाकले. (मृत व्यक्ती सहा मिनिटांत शून्य मीटर चालते, याबद्दल आमचे एकमत झाले.) ऐटीत वर चाललेली आलेखाची रेघ जिन्यावरून पाय घसरल्यासारखी खाली आली.

त्याने एकदा दाराकडे पाहिले. “ताई, हे साहेबांना दाखवलं ना, तर गैरहजरांत बारावा मी.”

बदल जतन करायचे का, असे संगणकाने विचारले. त्याने ‘नाही’वर बोट ठेवले. बाबा उठले आणि पुन्हा तीनशे दहा मीटर चालू लागले.

मी दाखला घडी घालून पर्समध्ये ठेवला. भांडले नाही. ते शेवटचे पाच आठवडे मी दुसऱ्या शहरात होते. कोणी चौकशी केली की सांगत होते, “बाबा ना? एकदम छान!” आधार म्हणाल, तर पंधरा दिवसांपूर्वीचा एक फोन.

पद्धत सोपी आहे. तिला संगणकही लागत नाही. तुमचे आईवडील कसे आहेत, असे आत्ता कोणी विचारले, तर तुम्ही चटकन उत्तर द्याल. ते कोणत्या तारखेचे आहे, तेवढे पाहून घ्या.