हवेतनं किती पडल?

मी भूगोलाचा मास्तर आहे, आणि एका माणसाला मी लंडन ते कराचीच्या विमानप्रवासाचा वेळ जाणूनबुजून खोटा सांगितला. माहिती चुकली नव्हती. मला चारचौघांत हशा हवा होता.

तो माणूस म्हणजे आमचे शेजारी विठू तांडेल. सारा जन्म मचव्यावर गेलेला. लंडनहून कराचीला टपाल आणि उतारू घेऊन विमान येऊ लागल्याचं कुणीतरी त्यांना वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं आणि तेव्हापासून त्यांना जमिनीवरचं अंतर पटेनासं झालं. कुणी देवरूखला निघालं की अडवून विचारणार, "हवेतनं किती पडल वो?" गाडीवान बिचारा काय सांगणार? मग तांडेलच सांगत, "पान लावून होयसतंवर पोचशील," आणि त्याला बैलगाडीनेच जाऊ देत.

शनिवारी शाळा सुटली की ते वर्गात येत. जाळं विणायचा दोरा पृथ्वीच्या गोलावर ताणून धरत. एक गाठ लंडनच्या विमानतळावर, दुसरी कराचीच्या. "मास्तरांनू, दोरा एवढाच हाय. दिस किती?" भाडं किती, हे मात्र त्यांनी कधीच विचारलं नाही.

एकदा बंदरावर बोटीची वाट पाहत बसलो असताना त्यांनी पुन्हा तेच विचारलं. खरं उत्तर सात दिवस, तेही विमान बिघडलं नाही तर. मी म्हणालो, "अडीच दिवस, तांडेल! तिकडे न्हाऊन निघायचं, शेंडी वाळते न वाळते तोच कराची."

माणसं खदखदून हसली. तांडेल बोटांवर काहीतरी मोजत राहिले.

आठवड्याने ते सुरमई घेऊन दारात उभे. "मास्तरांनू, मोठा काम केलाव माजा. गनू लंडनची नोकरी सोडून येवचा म्हनत होता. मी कळवला, ऱ्हा तिथंच. आता दहाव्याला सहज पोचशील."

"कुणाच्या दहाव्याला?"

"माज्या!"

तांडेलांची बायको गेली तेव्हा हा एकुलता मुलगा महिन्याने पोचला होता. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला. हे सांगताना तांडेल हातातल्या माशाकडेच बघत होते. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी सुरमई घेतली. खाल्लीही.

पावसाळा लागला, मुंबईच्या बोटी बंद झाल्या. तांडेलांनी माडावर चढणं सोडलं. म्हणाले, "बोटी चालू होयसतंवर मरून चालायचा नाय." आणि नेमका श्रावणात त्यांना ताप भरला. मी गेलो तेव्हा तो दोरा त्यांच्या मुठीत होता. मी सगळं सांगून टाकलं. सात दिवस नुसते कराचीपर्यंतच, पुढे मुंबई, पुढे घाट उतरून इथवर. दहावा हुकेलही.

"गणूला मी तार करतो," मी म्हणालो. "माझी चूक कळवून त्याला बोलावून घेतो."



"मस्करी होती तर तवाच सांगायचा मास्तरांनू. मी बी हसलो असतो."

मग त्यांनी दोऱ्याची एक गाठ सोडवली. दुसरी सुटेना, ती माझ्यापुढे धरली.

"हवेतनं नको. बोटीनंच येवदे त्याला, सावकास. मी हाय तवर."

मी गाठ सोडवली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"विठूकाका, चुकलो मी. मला क्षमा करा."