टाफ्टसाहेबांची सही आणि जावयाचा अंगठा

वेंडेल क्रॅमरचा कोणावरही विश्वास नव्हता. सगळा जन्म त्याने ओहायोत विमा कंपनीच्या नोकरीत घालवला होता. गारपिटीने फुटलेलं छप्पर खरंच गारांनी फुटलं की मालकाने हातोडीने फोडलं, हे शोधायचं त्याचं काम. अशा माणसाने निवृत्त झाल्यावर मासे पकडावेत, परसात टोमॅटो लावावेत. पण त्याने छंद धरला तो अमेरिकेच्या अध्यक्षांच्या सह्या जमवण्याचा, म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात. कारण अध्यक्षाची सही अध्यक्षानेच केलीय, याची खात्री कोण देणार? जमिनीच्या जुन्या सनदांवर अध्यक्षांच्या नावाने कारकुनाने सही करायची, ही तर सरकारी रीतच होती. पुढे रबरी शिक्के आले, मग सही करणारी यंत्रंही आली. वेंडेल एखादी सही विकत घ्यायचा, काही दिवस खुशीत असायचा आणि मग भिंग घेऊन बसायचा. भिंग खाली ठेवेपर्यंत ती सही कारकुनाची झालेली असायची.

"कारकुनांच्या सह्यांचा इतका मोठा संग्रह देशात दुसऱ्या कोणाकडे नसेल," असं त्याची बायको लोइस पाहुण्यांना सांगत असे. (पाहुण्यांना ते कौतुक वाटे.)

त्याचा खरा जीव मात्र एकाच सहीवर होता आणि ती त्याची नव्हती. ती सासूबाईंच्या बैठकीत, पियानोच्या वर, चौकटीत होती. सासूबाई म्हणजे ओपल. तिच्या वडिलांचा चीजचा कारखाना होता. त्यांनी एकदा त्या वेळचे अध्यक्ष टाफ्ट यांना चीजची एक अख्खी, जात्याएवढी चकती पाठवली होती आणि टाफ्टसाहेबांनी स्वतःच्या हाताने उत्तर धाडलं होतं: "चीज पोचलं. उत्तम होतं. संपलं." खाली सही. लग्न झाल्यापासून वेंडेल त्या पत्राकडे, मांजर मासळीकडे बघतं तसा बघत आला होता.

ईस्टरच्या आठवड्यात ओपलचा फोन आला. "रविवारी सगळे जेवायला या. माझं आता वय झालं. टाफ्टचं पत्र दोघा जावयांपैकी एकाला देऊन टाकते."

दुसरा जावई म्हणजे वेंडेलचा साडू नॉर्बर्ट. हा भला माणूस कोणी काहीही सांगितलं तरी मानायचा. टाफ्ट ही रंगाची कंपनी असावी, अशी त्याची बरीच वर्षं समजूत होती.

"आत्ताच का देतेय?" गाडी चालवताना वेंडेल म्हणाला. "इतकी वर्षं हात लावू दिला नाही. काहीतरी काळंबेरं आहे."

"ती माझी आई आहे, वेंडेल."

"म्हणूनच म्हणतोय. पत्र छापील असेल, तिला ते कळलं असेल, म्हणून माझ्या गळ्यात मारतेय."

लोइसने खिडकीची काच खाली केली. तिला मोकळी हवा हवी होती.

ओपलच्या घरी भाजलेल्या हॅमचा वास सुटला होता. सगळे स्वयंपाकघरात होते. वेंडेल हात धुवायला म्हणून निघाला तो थेट पियानोपाशी पोचला. छापील सही पुसत नाही, शाईची पुसते, हा संग्राहकांचा साधा हिशेब. त्याने चौकट उतरवली, मागचे खिळे गाडीच्या किल्लीने वाकवले, पत्र बाहेर काढलं. अंगठा जिभेला लावला आणि सहीच्या अगदी शेवटच्या अक्षराच्या टोकाला हळूच टेकवला.

शाई पसरली.

खरी होती! वेंडेलला गहिवरून आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोणी फसवलं नव्हतं. मग त्याचं लक्ष कागदावरच्या डागाकडे गेलं. तो टिपायला त्याने खिशातला, ईस्टरचा ससा छापलेला कागदी रुमाल काढला. टिपता टिपता शेवटचं अक्षर गेलं, मग त्याच्या शेजारचं गेलं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तशातली गत.

"वेंडेल, जेवायला वाढलंय," म्हणत नॉर्बर्ट दारात आला. त्याने कागद पाहिला, रुमाल पाहिला आणि आत वळून शांतपणे सांगितलं, "आई, वेंडेलने टाफ्ट पुसला."

सगळे बाहेर आले. ओपल काठी टेकत सर्वांत शेवटी आली.

"आई, अभिनंदन," वेंडेल म्हणाला. (दुसरं काय म्हणणार?) "सही खरी आहे. शंभर टक्के त्यांच्याच हातची. हे वळण बघा, हा झोक बघा. अशी नक्कल करणारा अजून जन्माला यायचाय."

"तो जन्माला येऊन नव्वद वर्षं झाली," ओपल म्हणाली. "ती मी केलीय."

ओपल पियानोच्या स्टुलावर बसली.

"नाताळात तू पत्राजवळ उभा होतास आणि तुझा अंगठा तोंडात होता. तेव्हाच म्हटलं, हा माणूस पत्र काही धड ठेवायचा नाही. वडिलांचे जुने कोरे कागद माळ्यावर होतेच. लहानपणापासून बघून ती सही मला पाठ झालीय. खरं पत्र माझ्या कपाटात आहे. नॉर्बर्ट, ते तुला."

"थँक्यू, आई. खरंच टाफ्टचं आहे ना?"

"हो."

"बरं," नॉर्बर्ट म्हणाला. त्याचं समाधान झालं.

"आणि हे तुला, वेंडेल." ओपलने पुसलेला कागद पुन्हा चौकटीत घालून त्याच्या हातात दिला. "ही सही कोणाची, याबद्दल तरी तुला कधी शंका यायची नाही."

वेंडेलला फार वाईट वाटलं. हॅमचा घास त्याच्या तोंडात फिरत राहिला. पण परतीच्या वाटेवर त्याचं जुनं डोकं पुन्हा चालायला लागलं. चौकट लोइसच्या मांडीवर होती.

"लोइस, कपाटातलं पत्र आपल्याला कोणी दाखवलं का?"

"नाही."

"थरथरत्या हाताच्या म्हातारीला इतकी हुबेहूब सही जमेल? कागद जुना, शाई जुनी. मला वाटतं, आई खोटं बोलली. हेच खरं पत्र आहे."

लोइसने थोडा विचार केला. "असेलही," ती म्हणाली. "म्हणजे मग टाफ्टची खरी सही तू थुंकी लावून पुसलीस."

वेंडेलने तिच्या मांडीवरच्या चौकटीकडे तिरक्या नजरेने पाहिलं.

"छे," तो म्हणाला. "आईचंच अक्षर आहे. मी तर बघताक्षणीच ओळखलं होतं."