निशिमुरा-सानांचं दुसरं टोक

शुक्रवारी दुपारी निशिमुरा-सान टेबलापाशी येऊन उभे राहिले, तेव्हा उल्हास तासकरला वाटलं, आपल्या हातून एखादं जहाज भलत्याच बंदराला रवाना झालं. एरवी ते असे येत नसत. तोक्योतल्या त्या व्यापारी कंपनीत ते उल्हासचे विभागप्रमुख होते आणि दोन वर्षांत कामाशिवाय त्याच्याशी एकदाच बोलले होते. लिफ्टमध्ये. "आज दमट आहे," एवढंच.

आता मात्र ते मिनिटभर बोलले, तेही अगदी खालच्या आवाजात आणि जपानीत. उल्हासचं जपानी मालाच्या कागदपत्रांपुरतं चांगलं होतं. त्यापलीकडे त्याला सुटे शब्द लागत आणि मधल्या जागा तो स्वतः भरे. आज हाती लागलं ते असं : रविवार. दूर जायचं. कापड. दोन माणसं लागतात. दुसरं टोक धरायला कोणी नाही. आणि शेवटी, "शक्यतो आओ घाला." मग त्यांनी स्टेशनचं नाव आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी दोन्ही हातांनी पुढे केली आणि चक्क वाकले. साहेब वाकल्यावर उल्हास घाईघाईने उठून त्यांच्याहून खाली वाकला आणि त्या भरात "हाय, हाय", म्हणजे हो, हो, म्हणून बसला.

"रस्सीखेच असणार," संध्याकाळी ओजिमा भागातल्या घरी त्याने बायकोला सांगितलं. "कंपनीचा क्रीडादिन असेल. आपल्या बाजूला एक माणूस कमी पडतोय."

"तुझी पाठ आणि रस्सीखेच?" नंदिनी म्हणाली. "नाही म्हणून सांग."

"ते वाकले गं. पोस्टिंग वाढवायचं की नाही हे जानेवारीत तेच लिहिणार आहेत. कौमुदीची दहावी इथे व्हायला हवी ना?"

यावर नंदिनी कपाट उघडायला गेली. 'आओ' म्हणजे निळा, हे दोघांनाही ठाऊक होतं. निळा टी-शर्ट तिने काढलाही. तेवढ्यात कौमुदी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "सिग्नलचा आओ हिरवा असतो."

"म्हणजे?"

"सिग्नल हिरवा झाला की आओ म्हणतात. सफरचंद हिरवं असलं तरी आओ."

"मग निळ्याला काय म्हणतात?"

"आओ."

"अगं, पण मग ह्यांनी घालायचं काय?"

"दोच्चि देमो इइ," कौमुदी म्हणाली. म्हणजे, कुठलंही चालेल. आणि तिने कानात इअरफोन घातले.

नंदिनीने बराच विचार केला. "हे बघ, सिग्नल हिरवा, सफरचंद हिरवं. दोन उदाहरणं हिरव्याची आहेत. निळ्याचं एकही नाही." शाळेत गणित शिकवलेल्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. बाटलीहिरवा टी-शर्ट इस्त्रीला गेला.

रविवारी तीन गाड्या बदलून उल्हास एका लहानशा स्टेशनवर उतरला. ऑक्टोबरची अखेर होती, ऊन छान पडलं होतं. निशिमुरा-सान फलाटावर नव्हते, कारण उल्हासची एक गाडी चुकली होती आणि तो पाऊण तास उशिरा पोचला होता. पण बाहेर येतो तो काय, रस्ताभर हिरवी माणसं! हिरवे शर्ट, हिरव्या टोप्या, एका कुत्र्याच्या गळ्यातसुद्धा हिरवा रुमाल. उल्हासला इतकं हायसं वाटलं, की त्याने मनातल्या मनात नंदिनीला नमस्कार केला.

साठीच्या एका बाईंनी त्याला हेरलं. कुदो-सान असं त्यांचं नाव. "पहिल्यांदाच आलात का?"

"हाय. निशिमुरा-सानांनी बोलावलंय."

"आँ, निशिमुरा-सान! ते केव्हाच आत गेलेत. चला, चला."

भातखाचरं ओलांडून सगळे एका मैदानाशी आले. एका बाजूला छप्पर असलेली छोटीशी गॅलरी, बाकी तिन्ही बाजूंना गवताचा उतार. मध्ये दोन गोल. गोल बघून उल्हास जरा घुटमळला, कारण रस्सीखेचीला गोल लागत नाहीत. पण कुदो-सानांनी तोवर त्याचं तिकीट काढलं होतं आणि गवतावर अंथरलेल्या भल्यामोठ्या निळ्या ताडपत्रीवर त्याला बसवलंही होतं.

"हे निशिमुरा-सान," त्या म्हणाल्या.

समोर तिशीतला एक धिप्पाड तरुण ढोल गळ्यात अडकवून उभा होता. "भारतातून आमच्यासाठी आलात?" तो गहिवरून म्हणाला आणि त्याने स्वतःच्या गळ्यातला हिरवा टॉवेल काढून उल्हासच्या गळ्यात घातला.

हा साहेबांचा पुतण्या असावा, असं उल्हासने ठरवलं. साहेब येतीलच. मग ढोल सुरू झाला, फुटबॉलचे दोन्ही संघ मैदानात आले, एक हिरवा, एक निळा, आणि रस्सीखेचीचा विषय त्याने डोक्यातून काढून टाकला. तेवढ्यात फोन थरथरला. साहेबांचा मेसेज होता, सोप्या इंग्रजीत.

"मी मैदानात आहे. तुम्ही?"

"मीही मैदानात आहे," उल्हासने कळवलं.

"कुठे?"

"निशिमुरा-सानांबरोबर."

उत्तर आलं, "निशिमुरा मी आहे."

उल्हासने मान वर केली. समोरच्या उतारावर, अगदी कोपऱ्यात, दोरी लावून चौकोन आखला होता. पाच-सहाशे माणसं सहज मावतील एवढा. त्यात एकच माणूस उभा होता. निळा शर्ट, निळी टोपी. त्याने लांबलचक पांढऱ्या कापडाचं एक टोक दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं आणि उरलेलं सगळं कापड गवतावर लोळत होतं.

त्याच क्षणी हिरव्यांनी गोल केला.

ताडपत्रीवर एकच कल्लोळ झाला. कुदो-सानांनी उल्हासला मिठी मारली, ढोलवाल्या निशिमुराने त्याला कमरेला धरून उचललं, सगळे टॉवेल गरागरा फिरवत होते म्हणून उल्हासनेही फिरवला. कोणी मिठी मारल्यावर आपण नुसतं उभं राहणं त्याला बरं दिसेना. टॉवेल फिरवता फिरवता त्याचं पुन्हा समोर लक्ष गेलं. साहेबांनी कापडाचं टोक काखेत धरलं होतं आणि डोळ्यांना दुर्बीण लावली होती. दुर्बीण सरळ त्याच्याकडे रोखलेली होती.

फोन पुन्हा थरथरला. "काही हरकत नाही. तिकडे मजा येत असेल तर तिथेच थांबा."

दोन वर्षांत उल्हास एक गोष्ट पक्की शिकला होता. जपानी माणूस "काही हरकत नाही" म्हणाला, की फार मोठी हरकत असते.

मध्यंतर होताच तो धावत उतारावरून दोरीपाशी गेला. तिथे दंडावर स्वयंसेवकाची पट्टी लावलेले एक आजोबा उभे होते. त्यांनी अदबीने हात आडवा केला.

"माफ करा, ही पाहुण्या संघाची जागा आहे. इथे हिरवे कपडे चालत नाहीत."

"मी पाहुण्यांचाच आहे!"

आजोबांनी त्याचा टी-शर्ट पाहिला, मग टॉवेल पाहिला, मग बराच वेळ काहीच पाहिलं नाही. "थोड्या वेळापूर्वी आपण नाचत होतात," ते हळूच म्हणाले.

"ते चुकून. हा शर्ट काढून टाकतो."

"आत काय आहे?"

"बनियन."

आजोबांनी खिशातून नियमांची पुस्तिका काढली, चष्मा लावला. "बनियनवर बसता येत नाही," ते खऱ्याखुऱ्या दुःखाने म्हणाले. "शिवाय सर्दी होईल."

दोरीच्या पलीकडे वीस पावलांवर निशिमुरा-सान उभे होते. नियमामुळे कापड कुंपणाला बांधता येत नव्हतं, ते हातातच धरावं लागे. म्हणून ते जागचे हलले नाहीत. त्यांनी फक्त मान किंचित लववली. तेवढ्यात मागून कुदो-सान आणि ढोलवाले निशिमुरा धापा टाकत आले. आपला भारतीय कुठे चालला, हे त्यांना कळेना. उल्हासने मोडक्या जपानीत सगळं सांगितलं : शुक्रवार, कापड, दुसरं टोक, सिग्नल, सफरचंद. सफरचंदाशी ते दोघेही गोंधळले. मग त्याने सरळ साहेबाकडे बोट दाखवलं. "माझे साहेब. एकटे आहेत."

कुदो-सानांनी डोळे बारीक करून कापडावरची दिसतील तेवढी अक्षरं वाचली. "हामासाकी," त्या म्हणाल्या.

हामासाकी हे ईशान्य किनाऱ्यावरचं गाव. चार वर्षांपूर्वीच्या भूकंपानंतर जी लाट आली, तिने बंदर नेलं, शाळा नेली, गावाचं मैदान नेलं. माणसं शहराशहरांत पांगली. संघ तेवढा टिकला होता आणि दुसऱ्या गावच्या मैदानावर सराव करून खेळत होता. बाहेरच्या सामन्यांना निशिमुरा-सान आणि त्यांचे शाळासोबती ओकाझाकी-सान असे दोघेच जात. ओकाझाकी-सानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन मंगळवारी झालं होतं. हे सगळं पट्टीवाल्या आजोबांना ठाऊक होतं. त्यांनी साहेबांना आत सोडताना विचारपूस केली होती.

"निळं काही आहे का कोणाकडे?" ढोलवाल्याने उताराकडे तोंड करून आरोळी ठोकली.

यजमान संघाच्या पाठीराख्यांकडे निळं काय असणार? पाहुण्यांचा रंग अंगावर आणायचा नाही, हा तिथला दंडकच. लोक एकमेकांच्या पिशव्या तपासू लागले. एका बाईंनी डब्याचं निळं झाकण वर केलं. मग सगळ्यांच्याच एकदम लक्षात आलं, की आपण बसलोय ते निळंच आहे. चाळीस माणसं मुकाट्याने उठली, जोडे हातात घेऊन ओल्या गवतात उभी राहिली आणि ताडपत्री डोक्यांवरून हातोहात खाली आली.

कुदो-सानांनी ती चार पदरी करून उल्हासला गुंडाळली. गळ्यापासून घोट्यापर्यंत. आजोबा त्याच्याभोवती एक फेरी मारून आले, गळ्याशी दिसणारी हिरवी कॉलर त्यांनी बोटाने आत ढकलली आणि दोरी वर उचलली.

उल्हास आत शिरला. पाऊल टाकलं की ताडपत्री कडाडकड वाजत होती. सुतकी चेहऱ्याने साहेबांसमोर उभा राहून तो वाकायला गेला, पण ताडपत्री वाकेना.

"निशिमुरा-सान, फार मोठी चूक झाली."

निशिमुरा-सान ताडपत्रीकडे बघत राहिले. त्यांनी तिचा काठ बोटांत धरून पाहिला. "आमच्या घरावर अशीच होती," ते म्हणाले. "उरलेल्या छपरावर. दोन वर्षं." मग म्हणाले, "अंगावर बरी दिसते."

त्यांनी गवतावरचं टोक उचलून त्याच्या हातात दिलं. उल्हास मागे मागे सरकत गेला, कापड ताणलं गेलं आणि पंधरा हात लांब अक्षरं पहिल्यांदाच मैदानाला दिसली. समोरच्या उतारावरून टाळ्या झाल्या.

"तासकर-सान," निशिमुरा-सान दुसऱ्या टोकाकडून म्हणाले. "उलटं धरलंय."

सुलटं केलं. टाळ्या पुन्हा झाल्या. उल्हासने काय लिहिलंय ते विचारलं.

"'हामासाकी इथे आहे.'"

निळे आणखी दोन गोलांनी मागे पडले. वारा सुटला, एका हाताने ताडपत्री आणि एका हाताने कापड सांभाळताना उल्हासला घाम फुटला. दोघे एकमेकांकडे बघत अधूनमधून ओरडत. आणि शेवटच्या पाच मिनिटांत एक निळा खेळाडू एकटाच पुढे निसटला आणि त्याने चेंडू जाळ्यात मारला. निशिमुरा-सानांनी उडी मारली. साठीला आलेला, लिफ्टमध्ये हवेबद्दल बोलणारा तो माणूस टोपी उडवून किंचाळला. उल्हासही हात वर करून उडाला, आणि ताडपत्री सळसळत त्याच्या पायाशी पडली. हिरवा टी-शर्ट, हिरवा टॉवेल, सगळं उघडं. दोरीपाशी उभे असलेले आजोबा लगेच वळले आणि आकाशातले ढग निरखू लागले.

पण बाजूच्या रेषेवरच्या माणसाने झेंडा वर केला होता. गोल रद्द झाला. सामना तीन-शून्य संपला. हरलेले खेळाडू त्या रिकाम्या चौकोनापुढे ओळीने उभे राहून त्या दोघांना वाकले, आणि पलीकडून ढोलवाले निशिमुरा हामासाकीच्या नावाने ढोल बडवत राहिले.

परतीच्या गाडीत निशिमुरा-सान आणि उल्हास शेजारी बसले. समोर कुदो-सान होत्या. त्यांना दोन स्टेशनं पुढे उतरायचं होतं. गाडी सुटली. मग निशिमुरा-सान उल्हासच्या कानाशी झुकले.

"तासकर-सान, एक विचारू? आपला तो गोल का रद्द केला?"

उल्हास चपापला. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"नाही." त्यांचे कान लाल झाले. "मला या खेळातलं काही कळत नाही. गावात होतो तेव्हा एकही सामना पाहिला नव्हता. पण आता गावाचं नाव घेऊन फिरणारा हा संघच उरलाय. म्हणून येतो. ओकाझाकी उठला की मी उठतो. तो ओरडला की मी ओरडतो. आता इतक्या वर्षांनी त्याला विचारायचं कसं?"

"आज कोणाकडे बघून ओरडत होतात?"

"तुमच्याकडे," निशिमुरा-सान म्हणाले. "तिकडे तुम्ही बरोबर गोल झाल्यावर नाचलात. मला वाटलं, जाणकार आहेत."

कुदो-सानांनी अर्थातच सगळं ऐकलं होतं. त्यांनी पिशवीतून सालीवर अजून हिरवट छटा असलेली पाच संत्री काढली आणि आपल्या मांडीवर मांडली. "हा तुमचा खेळाडू. हे आमचे बचावपटू, हा सगळ्यांत मागचा. हा गोलरक्षक. आता चेंडू मारला जाताना तुमचा खेळाडू ह्या मागच्याच्या पुढे असला, तर तो ऑफसाइड. पण मागे असला आणि नंतर पुढे गेला, तर नाही. आणि आपल्याच अर्ध्या भागात असला, तर मुळीच नाही. कळलं?"

"आ, सोऽ देसु का," म्हणजे 'असं होय', निशिमुरा-सान म्हणाले.

"सोऽ देसु का," उल्हास म्हणाला.

दोघांनी गंभीरपणे माना डोलावल्या. कुदो-सानांचं स्टेशन आलं. त्यांनी पाचही संत्री निशिमुरा-सानांच्या ओंजळीत दिली आणि फलाटावरून गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवला.

गाडी बोगद्यात शिरून बाहेर आली.

"कळलं?" निशिमुरा-सानांनी विचारलं.

"नाही. तुम्हाला?"

"अजिबात नाही."

त्यांनी सगळ्यांत मागचा बचावपटू उचलला, व्यवस्थित सोलला आणि अर्धा उल्हासच्या हातावर ठेवला.