याडीचा ढावलो अन् माही कारागिरी

जळालेली मोटार पुन्हा पळवणं हा आपला धंदा! दिग्रसकडच्या अर्ध्या विहिरींचे पंप माह्या वायंडिंगवर चालतात. मंग आठ वर्षं जुना टॅब म्हंजे किस खेत की मूली!

त्या टॅबमंधी माही याडी होती. याडी म्हंजे आई, रुपीबाई. तिले जाऊन दीड वर्ष झालं, पण तिचा ढावलो मी त्यात भरून ठेवला होता. आमच्या बंजारा तांड्यात नवरी सासरी निघते तवा एकेकाच्या गळ्यात पडून गात गात रडते, तोच ढावलो. माह्या रंजिताचं लगन चार दिवसांवर आलं होतं. पोरगी आजीचं ऐकून शिकून राह्यली होती, अन् टॅब रोज मधातच अडकून बसे.

"बाबा, मोबाईलच्या दुकानात दाखवा ना."

"दुकानात कायले? मी मेलो का?"

सात व्हिडिओ पाह्यले. साऱ्यांचं एकच: टॅबमंधी नवीन रिकव्हरी, म्हंजे दुरुस्तीचं सॉफ्टवेअर टाका, तिच्यातून सगळ्याचा बॅकअप घ्या, मंग बिनधास्त साफसफाई करा! वा, बिलकुल माह्या मनातलं.

पण रिकव्हरीच्या आधी कंपनीनं टॅबले आतून मारलेलं कुलूप खोला लागते. कॉम्प्युटरले वायर लावली. टॅबवर भली मोठी इंग्रजी सूचना आली, वर धोक्याचा त्रिकोण. आता पाहा, धोक्याच्या पाट्या आपण रोज पाह्यतो. माह्या दुकानातल्या कवटीच्या पाटीवर तं मी शर्ट टांगतो! दाबलं 'येस'.

रिकव्हरी झकास बसली. बॅकअप घ्याले गेलो, तं घ्याले काहीच नाही! कुलूप खोलतानाच टॅबनं सगळं पुसून टाकलं होतं. पाटीवर तेच लिहेल होतं.

मी ओसरीत बसून लेकरावानी रडलो. याडीचा आवाज मी माह्याच हातानं पुसला होता.

तेवढ्यात लगनासाठी पुसदच्या गाडीनं मानीमावशी आली. याडीची धाकटी बहीण. मले रडताना पाह्यलं, पिशवी फेकली अन् गळ्यात पडून सूर लावला. तो ऐकून शेजारच्या बाया धावल्या. आमच्याकडं आधी रडतात, कोन गेलं ते मंग इचारतात! दहा मिनिटात अंगणात वीस बाया!

अन् लगनघर म्हणून मावशीच्या तोंडी याडीचाच ढावलो! तेच बोल, तिथंच श्वास. टॅब अडके ती जागा आली. मावशी सरळ पुढं गेली अन् तिले बिलगून रंजिता तिच्या मांगं मांगं गात.

डोळे पुसून मावशीनं इचारलं, "काहून रडत होता रे?"

"टॅबमधून याडी पुसल्या गेली."



"हट येड्या! आमी दोघी बहिणी एकाच याडीजोळ शिकलो. ढावलो काय डब्यात राह्यते? मले बलावलं असतं तं चार दिवस आधीच आली असती!"

खरं सांगतो, लय शरम वाटली. दीड वर्षात मावशीकडं एक डाव गेलो नव्हतो. याडी टॅबमंधी हाय, असं धरून बसलो होतो.

लग्नात रंजिता अशी रडली, की बँडवालेही डोळे पुसत होते. या खेपेस मी टॅब घेऊन तयार होतो. आता तो हरणावानी पळते! पोरगी माह्या गळ्यात पडली, सगळा ढावलो गायली, गाडीत बसून गेली. टॅब माह्या हातातच होता. रेकॉर्डिंगचं बटन दाबायचं तेवढं राहून गेलं.