ठमाबाई बुरुडीण हिनें दरबार उभा ठेविला, त्याची हकीकत

श्रीकुलदेवता समर्थ. वाचणारास आयुष्य, ऐकणारास धैर्य. शके सोळाशें एक्याऐंशी, प्रमाथी नाम संवत्सरीं, एका राज्यीं टोपीकरांचा वकील येणार ऐसें वर्तमान आलें, आणि त्यास जमिनीवर मांडी घालितां येईना, आणि दरबारीं खुर्ची म्हणून एक नाहीं, मग कारभारी यांनीं, खुर्च्या करून देईल त्यानें पुढें यावें, ऐसी पेठेंत दवंडी पिटविली. ते समयीं आवडाबाई म्हणून सुताराची विधवा लेक होती. तिणें बापाजवळ बसून रंधा-पटाशी शिकून घेतली होती. तिणें खुर्चीचा घाट ऐसा काढिला कीं लांकूड नांवापुरतें, आणि बैठक व पाठ अवघी वेळूच्या कामट्यांची विणलेली. लोकांनीं पुसिलें, "ऐसें कां?" तेव्हां बोलिली, "लांकडास सुतार पुष्कळ. वीण बायांचे हातीं आहे. त्या हातांस काम मिळावें म्हणोनच ऐसा घाट."

मग तिणें गांवकुसाबाहेरच्या बाया मेळविल्या, कोणी दुष्काळांत देशोधडीस लागलेली, कोणी नवऱ्यानें टाकिलेली, आणि त्यांची म्होरकी ठमाबाई बुरुडीण. हिचे नवऱ्यानें सवत आणून हिला बाहेर काढिलें, तेव्हांपासून सुपें-टोपल्या विणून पोट भरीत असे. पहिली खुर्ची उभी राहिली तेव्हां ठमाबाईनें पाठीवरून हात फिरविला आणि डोळे पुसून म्हणाली, "अगे, हें म्यां केलें?"

खुर्च्या दरबारीं पोंचल्या. मग कारभारी यांचे मनांत आलें कीं बुरुडिणीचें नांव वकिलापुढें घेणें अब्रूस कमी, आणि त्यांनीं काम सुतारांच्या मिस्त्रीचें म्हणून त्यास पागोटें बांधविलें, आणि बायांस निरोप पाठविला कीं पुढें राजवाड्याची झाडलोट तुम्हीं करावी. आवडाबाई रडली. ठमाबाई रडली नाहीं. वकील आला ते दिवशीं, तो बसावयाचे आधींच, कंबरेस कोयती खोवून भरल्या दरबारीं शिरली, आणि चोपदार आडवे येती तों वकिलाचे मानाचे खुर्चीची गांठ तोडून बैठक उसविली. कारभारी गर्जले, "हिचे हात तोडा!" ठमाबाई बोलिली, "तोडा. मग विणील कोण? मिस्त्रीस पागोटें दिल्हें आहे, त्यांस सांगा." मिस्त्री भला माणूस. पागोटें उतरून बोलिला, "महाराज, काम आमचें नव्हे." तेव्हां महाराजांनीं पुसिलें, "बाई, मागणें काय?" "आमचें काम आमचे नांवें. कारखाना आवडाबाईचा आणि आमचा. झाडू धरणार नाहीं." महाराज म्हणाले, "दिल्हें. आतां वीण."

मग ठमाबाई दरबाराचे मधोमध मांडी घालून बसली. वकील दुसरे खुर्चीस शिवेना, मानाची तीच पाहिजे म्हणून उभा, आणि पाहुणा उभा म्हणोन महाराज उभे, आणि महाराज उभे म्हणोन सरदार, मानकरी, कारभारी अवघे उभे. ठमाबाईनें घाई केली नाहीं.

तात्पर्य, कारखाना जाहाला, बायांनीं लेकीसुनांस विद्या दिल्ही. कारभारी यांनीं मरेतों त्या खुर्च्यांस पाठ टेकिली नाहीं. बायांनीं त्यांची वाटही पाहिली नाहीं.