‘नाही’चा ताबा

तेजल मानकापेने रंगाच्या कारखान्यात नोकरी घेताना ‘नाही’ हा शब्द तीन वर्षांसाठी कंपनीच्या ताब्यात दिला. करारनाम्यात ‘नाही, नको, नये, नव्हे इत्यादी’ असे लिहिले होते. कंपनीने शब्द पाकिटात घातले, लाखेने बंद केले आणि रीतसर पोच दिली.

सहा महिन्यांनी तिला रसायनाची टाकी आत उतरून धुण्याचा आदेश आला. काम सोमवारपासून होते. याआधी त्या टाकीत उतरलेली दोन माणसे गुदमरून मेली होती. तेजल आईला घेऊन करार तपासणी कार्यालयात गेली. नोटीस मिळाल्यामुळे कंपनीचे वकील सबनीसही आले.

तपासणी अधिकारी बोंद्रे यांनी करार वाचला. “हा तर सरळसरळ बेकायदा आहे. कायद्यापुढे टिकूच शकत नाही.”

“मग रद्द करा की, साहेब,” तेजलची आई हौसाबाई म्हणाल्या.

“पद्धत आहे, बाई. करार मान्य आहे का, असं मी विचारणार. पक्षकाराने स्वतःच्या तोंडाने ‘नाही’ म्हणायचं.”

“अहो, तिचं तोंडच बांधलंय! तेच सांगायला आलोय.”

“कळलं. पण शब्द ऐकल्याशिवाय शिक्का कसा मारू?”

तेजल बारावीला मराठीत पहिली आली होती. “अमान्य,” ती म्हणाली.

बोंद्रेसाहेबांना मनापासून आनंद झाला. मात्र नकारार्थी ‘अ’ हा ‘इत्यादी’मध्ये मोडतो, हे सबनीसांनी दाखवून दिले. ‘अ’ जागेवरच जप्त झाला. नोंदवहीत ‘मान्य’ उरले.

“मग माझं घ्या,” हौसाबाई म्हणाल्या. “पोरीला द्या. पंचवीस वर्षं संसार केला, एकदा जरी वापरलं असेल तर शपथ. नवंकोरं आहे.”

साहेबांनी ते भिंगाखाली धरून पाहिले. “माल उत्तम आहे. पण तीन वर्षं वापर नसला की मुदत संपते, बाई.”

“हे तेव्हा सांगायचंत की!”

“तुम्ही विचारलंत कुठे?”

साहेबांनी शेरा लिहिला : करार बेकायदा आहे, परंतु पक्षकाराची हरकत आढळली नाही. मग त्यांनी मायलेकींसाठी चहा मागवला. सबनीसांनीही घेतला.

सोमवारी सकाळी सात वाजता तेजल टाकीत उतरली.

“श्वास घेता येतोय ना गं?” मुकादमाने वरून विचारले.

“हो,” ती म्हणाली.