तरसाच्या गाडीची डावी काच

एका जंगलात, जिथे गाड्या आधी आल्या आणि रस्ता मागाहून, केरोपंत नावाचे एक साळिंदर गृहस्थ राहत होते.

मुलांनो, साळिंदराला बसमध्ये घेत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेल. घेतलं तर शेजारचा प्रवासी तक्रार करतो, आणि त्याचं बरोबरच असतं. केरोपंतांनी जन्मात एकदाच बसने प्रवास केला होता. दुसऱ्या दिवशी बसच्या दारावर पाटी लागली. पाटीवर त्यांचं नाव नव्हतं. चित्र होतं.

तसं त्यांचं पायी चालून भागत होतं. पण घरात आक्का होती, त्यांची थोरली बहीण. तिचे गुडघे कधीच गेले होते आणि आता डोळेही जायला निघाले होते. घुबड डॉक्टरांनी तिला भर दुपारी तपासलं. डॉक्टरांना दुपारी दिसत नाही, पण जंगलात डोळ्यांचे दुसरे डॉक्टर नव्हते.

"दिवाळीपर्यंत दिसेल," ते म्हणाले. "पुढचं माझ्या हातात नाही."

घरी आल्यावर आक्का म्हणाली, "केरू, मला एकदा कमळतळं दाखव. आपण जन्मलो ते. मग काय व्हायचं ते होऊ दे."

कमळतळं पाच डोंगर लांब होतं. म्हणून गाडी घ्यायचं ठरलं. नवी झेपणार नव्हती, म्हणून जुनी.

केरोपंत मोठे सावध. त्यांनी आधी एक वही केली. पहिल्या पानावर 'श्री' लिहिलं आणि दुसऱ्या पानापासून संशय. जुनी गाडी घेताना विचारायचे चाळीस प्रश्न त्यांनी ओळीने लिहून काढले आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण करायला चौकोन आखला. चौकोन पट्टीने आखले होते.

वडाच्या पारावर जाहिरातींचा फळा होता. त्यावर एक कागद लागला होता: 'गाडी विकणे आहे. पहिलाच मालक. रंग मातकट. डाव्या बाजूची काच खाली होत नाही. बाकी ठीक. रंगराव तरस, पिवळा माळ.'

पिवळा माळ तीन जंगलं पलीकडे. शेजारचे भाऊसाहेब रानडुक्कर कागद वाचून म्हणाले, "तरस? आणि तेही परमुलखातलं? केरोपंत, आधी एक दमडी पाठवू नका."

सल्ला चांगला होता. केरोपंतांनी तो वहीत लिहिला आणि पुढे एकेचाळिसावा चौकोन आखला.

त्या जंगलात सगळ्यांकडे मोबाईल होते, पण रेंज फक्त वाघाच्या गुहेपाशी येई. त्यामुळे सगळ्यांची बोलणी थोडक्यात उरकत. केरोपंत तिथे गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "रंगराव, मी आगाऊ काही देणार नाही."

"नका देऊ की," तरस म्हणालं आणि हसलं.

"गाडी दिवसा बघणार. कचेरीत, चारचौघांत."

"दिवसाच बघा. अंधारात रंग कसा कळायचा?" आणि हसलं.

"इंजिन गार पाहिजे. मी येण्याआधी तापवून ठेवायचं नाही."

"पाव्हणं, मी ते धुवूनसुद्धा ठेवत नाही," तरस म्हणालं आणि इतकं हसलं, की गुहेत वाघाने कूस बदलली. केरोपंतांनी फोन ठेवला.

ठरल्या दिवशी केरोपंत झिपरू मिस्त्रीला घेऊन पिवळ्या माळावरच्या वाहन कचेरीत पोचले. झिपरू माकड होता आणि गाडीच्या वर, खाली, आत, कुठेही जाऊ शकत होता. तो सगळीकडे गेला. केरोपंतांनी गाडीच्या नोंदणी पुस्तकातलं नाव पाहिलं, ते रंगरावांचंच होतं. सांगाड्यावरचा नंबर पुस्तकाशी ताडून पाहिला, उजवीकडून डावीकडेही वाचला. कर्ज फिटल्याचं पत्र, विमा, न भरलेला दंड, सगळं विचारलं. कचेरीतल्या हत्ती कारकुनाने गाडी नावावर करून शिक्का मारला, तेव्हाच केरोपंतांनी पैसे दिले.

शेवटचा प्रश्न होता, 'का विकता?'

"पोरं मोठी झाली," तरस म्हणालं. "मावत नाहीत. निघताना हसायला लागली की गाडीत कोण बसलं, घरात कोण राहिलं, कळत नाही. डावी काच तेवढी लक्षात ठेवा हं. मी लिहिलंय, पण परत सांगतो."

एकेचाळीस चौकोन भरले. केरोपंत गाडी घेऊन घरी आले. आक्काने ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. दिवाळीला पंधरा दिवस होते. गोष्ट इथे संपायला हवी होती, मुलांनो.

पण त्या जंगलात एक रीत होती. कुणी नवी वस्तू आणली की सगळ्यांनी बघायला जायचं, पेढा उचलायचा आणि वस्तूत एकेक खोट काढायची. खोट न काढता पेढा खाणं असभ्य समजत. तांब्या आणला तर त्याचा काठ वाकडा निघे. जावई आणला तर त्याची चाल.

मंडळी जमली. एकेकाने पेढा हातात घेतला आणि गाडीभोवती फेरी मारली.

मुंगूस म्हणालं, "डावी काच खाली होत नाही वाटतं?"

"ते त्यांनी जाहिरातीतच लिहिलं होतं," केरोपंत म्हणाले.

मग दुसरं काहीच सापडेना. मंडळी अवघडली. पेढे हातात वितळू लागले. शेवटी भाऊसाहेबांना राहवलं नाही.

"एक दोष त्याने स्वतः सांगितला?"

"दोनदा सांगितला."

"म्हणजे वीस लपवले. केरोपंत, आपण कधी आपला दोष सांगतो का? मी सांगितलाय कधी?"

"नाही," सगळे म्हणाले.

"पैसे घेताना तो हसला का?"

केरोपंत म्हणाले, "हसला. पण भाऊसाहेब, तरस आहे तो. पैसे घेण्याआधीही हसत होता."

"आधीपासून हसत होता," भाऊसाहेब मंडळींकडे वळून म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या आणि पेढे खाल्ले.

संध्याकाळी केरोपंतांनी वही उघडली. एकेचाळीस चौकोन, एकेचाळीस खुणा. इतकं सगळं बरोबर त्यांच्या आयुष्यात पूर्वी कधी आलं नव्हतं. त्यांना घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी झिपरूला बोलावून इंजिन उघडायला लावलं. झिपरूने दिवसभर शोधलं.

"काही नाही," तो म्हणाला. "म्हणजे खोल असणार."

तिसऱ्या दिवशी त्याने अजून खोल शोधलं. सगळं परत बसवलं तेव्हा दोन बोल्ट उरले.

"हे कुठले?" केरोपंतांनी विचारलं.

"जास्तीचे होते."

"मी वहीत काय लिहू?"

"जास्तीचे, असंच लिहा."

गाडी सुरू केली. ती पूर्वीसारखीच चालली. ही बातमी भाऊसाहेबांना कळली तेव्हा ते गंभीर झाले. "दोन बोल्ट काढले तरी चालते? मग हिच्यात दुसरंच काहीतरी आहे."

इकडे आक्का रोज सकाळी नवं लुगडं नेसून, दशम्यांचा डबा मांडीवर घेऊन गाडीत बसे. डाव्या बाजूला बसे, कारण तळं त्या बाजूला येतं असं तिला आठवत होतं.

"सापडला का रे दोष?"

"अजून नाही, आक्का."

"मग निघू या."

"सापडल्याशिवाय कसं निघायचं? वाटेत सापडला म्हणजे?"

"वाटेत सापडला तर वाटेत बघू. मला काल तुळस दोन दिसल्या, केरू. एकच आहे ना?"

"एकच आहे."

"मग उशीर नको."

केरोपंतांना गलबलून आलं. त्यांनी लगेच झिपरूला बोलावलं आणि सीटा उसवायला सांगितलं. सीटांत कापूस निघाला. चांगला कापूस होता. केरोपंत पायरीवर बसून राहिले.

दिवाळीला चार दिवस उरले तेव्हा भाऊसाहेब आले. "मला तुमचे हाल बघवत नाहीत," ते म्हणाले. "द्या ती ब्याद मला. निम्म्यात घेतो. तोटा माझा, पण शेजारी कशासाठी असतात?"

भाऊसाहेबांनी पुस्तक पाहिलं नाही, इंजिन ऐकलं नाही, काही विचारलंही नाही. सीटा मात्र शिवून मागितल्या. केरोपंतांनी त्या शिवून दिल्या, वर उरलेले दोन बोल्ट पुडीत बांधून दिले. त्या रात्री ते दहा-अकरा दिवसांत पहिल्यांदा शांत झोपले. झोपण्याआधी वहीत लिहिलं, 'मोठ्या संकटातून वाचलो.'

सकाळी उठले तर आक्का अंथरुणात नव्हती. डबाही नव्हता. ते दाराशी आले, तेवढ्यात मातकट गाडी समोरून गेली. भाऊसाहेब चालवत होते. त्यांना दिवाळीआधी चिखलात लोळायला जायचं असतं आणि चिखल कमळतळ्यासारखा कुठेच नाही. शेजारी, डाव्या सीटवर, आक्का बसली होती. रानडुकराची कातडी जाड असते, त्याला काट्यांचं काही वाटत नाही.

आक्काने केरोपंतांना पाहिलं. हात हलवला, काहीतरी ओरडून सांगितलं, काचेवर टकटक केलं, पुन्हा सांगितलं. केरोपंतांना एक शब्द ऐकू आला नाही. ती काच खाली होत नव्हती. गाडी एका दमात चढ चढून पलीकडे उतरली.

आक्का दिवेलागणीला परतली. पाय चिखलाने भरलेले, डब्यात कमळाचं एक पान.

"दिसलं?" केरोपंतांनी विचारलं.

"सगळं दिसलं. पलीकडच्या काठावरची आपली बिळंसुद्धा. आईने उकरलेलं मोठं बीळ तसंच आहे."

केरोपंतांनी कमळाचं पान उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "सकाळी काचेतून काय सांगत होतीस?"

"मागची सीट रिकामी आहे, येतोस का, विचारत होते," आक्का म्हणाली आणि पाय धुवायला गेली.

तात्पर्य: लांबच्या अनोळखी माणसाकडून जुनी गाडी घेताना कागद, इंजिन आणि नंबर नीट तपासावेत. सगळं ठीक निघालं, तर गाडी घरी आणू नये. आक्काला तिकडेच बोलावून परस्पर तळ्यावर जावं. शेजाऱ्यांची कागदपत्रं तपासण्याची सोय अजून कुठल्याही कचेरीत झालेली नाही.